यंत्राचा संकल्प

नागपूरच्या गांधीबागेंत कापडाच्या एखाद्या घाऊक पेढीवर लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं ज्यानें वहीपूजन पाहिलें असेल, त्यास एक गोष्ट खास स्मरत असेल. कोरी लाल वही उघडून पहिल्या पानावर 'श्री' काढतात, स्वस्तिक रेखतात, शुभ-लाभ लिहितात. आणि मग उपाध्याय जो संकल्प सांगतो, त्यांत पूजेचा भाग थोडा आणि पत्त्याचा भाग फार असतो. संवत्सर कोणतें, मास कोणता, तिथि कोणती, कोणत्या नदीच्या तीरीं आपण बसलों आहों, यजमानाचें गोत्र कोणतें, हें सारें उच्चारल्यावांचून पुढें पाऊल पडत नाहीं. देवास हें ठाऊक नसतें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कर्म कोठें, केव्हां आणि कोणाकडून घडत आहे, याची नोंद आरंभींच झाली पाहिजे, असा त्यामागील हिशेबी विचार आहे; आणि व्यापाऱ्यास तो सहज पटतो.

ह्याच गांधीबागेंत विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा वर्षांत गादीच्या शेजारीं एक नवें यंत्र येऊन बसलें, आणि त्यासही रोज सकाळीं असाच एक संकल्प सांगावा लागूं लागला. तुला फ्लॉपीचे ड्राइव्ह किती, त्यांतील कोणता कोणत्या जातीचा, त्याच्या चकतीवर वर्तुळें किती, प्रत्येक वर्तुळाचे भाग किती, एका वेळीं किती फाइली उघड्या ठेवावयाच्या, हें त्यास सांगितलें म्हणजे तें कामास लागे. फरक एवढाच कीं देवास सारें ठाऊक असतें. ह्या यंत्रास खरोखरच ठाऊक नसे. त्या संकल्पाचा इतिहास सांगावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय वरवर पाहतां कारागिरांच्या कोठीतला वाटेल. परंतु आपला हिशेब ज्यावर लिहिला आहे त्या वस्तूचें वर्णन कोणाच्या हातीं असावें, हा त्याच्या गाभ्यांतील प्रश्न आहे. आणि पेढी म्हणून जी संस्था आहे, तिला तो प्रश्न नवा नाहीं.

प्रथम ह्या यंत्राचा स्वभाव पाहूं. आपण ज्याविषयीं बोलत आहों तें यंत्र म्हणजे आय.बी.एम. कंपनीनें १२ ऑगस्ट १९८१ रोजीं जाहीर केलेला पर्सनल कॉम्प्युटर, व त्याच्या वळणावर इतरांनीं घडविलेले पुढील संगणक. वीज गेली कीं ह्याची चालू स्मृति पुसली जाते. काल संध्याकाळीं किती बिलें केलीं, कोणाचें येणें लिहिलें, यांतील कांहींही सकाळीं त्याच्या अंगीं उरत नाहीं. जन्मजात म्हणून त्याजवळ एवढेंच असतें: एका चिपेंत कायमचा कोरून ठेवलेला, बायोस नांवाचा लहानसा कार्यक्रम. कळ दाबतांच हा कार्यक्रम जागा होतो, अवयवांची तपासणी करतो, आणि मग फ्लॉपीच्या किंवा हार्ड डिस्कच्या अगदीं पहिल्या भागाकडे वळतो. तो भाग अवघा ५१२ बाइटांचा. तो स्मृतींत आणून बायोस त्याच्या हातीं कारभार सोंपवितो. पुढें तो इवलासा भाग प्रणालीच्या दोन मुख्य फाइली शोधून आणतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालींत त्यांचीं नांवें आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस अशीं होतीं. ह्या दोघी स्थानापन्न झाल्या कीं त्या एक तिसरी फाइल धुंडीत. तिचें नांव कॉन्फिग.सिस. हीच आपली संकल्पाची वही. ती वाचून झाली म्हणजे आज्ञा ऐकणारा कमांड.कॉम हजर होई, शेवटीं ऑटोएक्झेक.बॅट ह्या फाइलींतील नित्यकर्में उरकलीं जात, आणि मग पडद्यावर हार्ड डिस्कचें 'सी' हें अक्षर उभें राही.

ही तिसरी वही मुळांत नव्हती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. डॉसच्या आधीं लहान संगणकांवर सीपीएम नांवाच्या प्रणालीचें राज्य होतें. गॅरी किल्डॉल ह्या अमेरिकन गृहस्थानें ती १९७४ च्या सुमारास रचिली. तिच्यांत ड्राइव्हचें वर्णन प्रणालीच्याच पोटांत कोष्टकाच्या रूपानें गुंफलेलें असे. निराळ्या जातीचा ड्राइव्ह जोडावयाचा म्हणजे तें कोष्टक बदलावयाचें, प्रणालीचा तो भाग यंत्रभाषेंत पुन्हां घडवावयाचा, आणि तो नव्यानें फ्लॉपीवर उतरवावयाचा. हें काम कारागिराचें होतें. दुकानदाराचें नव्हे, मुनिमाचें तर नव्हेच. १९८१ मध्यें आलेल्या डॉसच्या पहिल्या आवृत्तींतही या बाबतींत मोठासा पालट झाला नव्हता. तिला एका बाजूची, १६० किलोबाइटांची फ्लॉपी तेवढी ठाऊक. तिच्या कर्त्यांनीं ज्याची कल्पना केली नव्हती, असा ड्राइव्ह तिच्या जगांत नव्हताच.

खरा पालट मार्च १९८३ मध्यें झाला. आय.बी.एम.नें १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेला पीसी-एक्सटी विकावयास काढला आणि त्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ति आली. हार्ड डिस्कच्या आगमनाचा गाजावाजा झाला, कॉन्फिग.सिसच्या आगमनाचा झाला नाहीं. तथापि माझ्या मतें दोहोंत ही दुसरी गोष्ट अधिक दूरगामी. कॉन्फिग.सिस ही साध्या मजकुराची फाइल. पत्र लिहावें तशी ती लिहितां येई, वाचतां येई, खोडतां येई. 'डिव्हाइस' असें लिहून पुढें एखाद्या चालकाचें नांव दिलें कीं प्रणाली आरंभींच त्यास आपल्या अंगांत सामावून घेई. जें वर्णन आजवर प्रणालीच्या पोटांत दडलेलें होतें, तें बाहेर निघून उघड्या पानावर आलें. आणि ज्याच्या पुढ्यांत यंत्र होतें त्याच्या हातीं लेखणी आली. राजाच्या दफ्तरांतील नोंद गांवच्या चावडींत वाचावयास मिळावी, तसेंच हें झालें.

ही लेखणी लागण्याचें कारणही लौकरच उत्पन्न झालें. फ्लॉपीच्या जाती वाढूं लागल्या. सव्वापांच इंची फ्लॉपीची रूढ जात घ्या: दोन बाजू, प्रत्येक बाजूस ४० वर्तुळें, प्रत्येक वर्तुळाचे ९ भाग, आणि भागास ५१२ बाइट. हा गुणाकार ३,६८,६४० बाइटांचा होतो. हीच ती ३६० किलोबाइटांची फ्लॉपी. १९८४ मध्यें पीसी-एटी आला, आणि त्याबरोबर आकारानें तीच परंतु ८० वर्तुळांची व १५ भागांची, १.२ मेगाबाइटांची फ्लॉपी आली. पुढें साडेतीन इंची, कठीण कवचाची फ्लॉपी आली. ती ८० वर्तुळांची व ९ भागांची, म्हणजे ७२० किलोबाइटांची. १९८७ मध्यें तिचेच भाग १८ झाले आणि १.४४ मेगाबाइटांची जात निघाली. ह्या चार जाती एकाच बाजारांत, पुष्कळदां एकाच टेबलावर, एकमेकींशेजारीं नांदूं लागल्या. शिवाय सव्वापांच इंची दोन जातींचें आपसांत पटत नसे. ८० वर्तुळांच्या ड्राइव्हचें शीर्ष अरुंद. त्यानें ३६० किलोबाइटांच्या फ्लॉपीवर लिहिलेली बारीक रेघ जुन्या ड्राइव्हच्या रुंद शीर्षास नीट लागेलच, असा भरंवसा नसे. पेढीवर लिहिलेली फ्लॉपी हिशेबतपासनिसाच्या कचेरींत उघडूं नये, याचें हें एक नित्याचें कारण होतें.

आतां अडचण अशी कीं यंत्राचा बायोस एका वर्षाचा, डॉसची आवृत्ति दुसऱ्या वर्षाची, आणि ड्राइव्ह तिसऱ्याच वर्षीं विकत घेतलेला. ज्या एक्सटीच्या बायोसला ३६० च्या पलीकडे कांहीं ठाऊक नाहीं, त्यास साडेतीन इंची ड्राइव्ह जोडला तर तो त्यासही ३६० चाच समजे, आणि निम्मी जागा वांयां जाई. तीन निरनिराळ्या वर्षांच्या ह्या मंडळींत समेट घडवून आणण्यासाठीं १९८६ मध्यें डॉसच्या ३.२ ह्या आवृत्तींत दोन साधनें आलीं. एक, कॉन्फिग.सिसमधील ड्राइव्हपार्म ही आज्ञा, दुसरें, ड्रायव्हर.सिस हा चालक.

ड्राइव्हपार्मची एक ओळ नमुन्यादाखल देतों: 'ड्राइव्हपार्म=/डी:१ /एफ:२ /एच:२ /एस:९ /टी:८०'. ही ओळ मंत्रासारखी दिसते खरी, परंतु तिचा अर्थ सरळ आहे. 'डी' म्हणजे कोणता ड्राइव्ह. मोजणी शून्यापासून, म्हणून १ म्हणजे 'बी'. 'एफ' म्हणजे जात. २ हा आंकडा ७२० किलोबाइटांचा. 'एच' म्हणजे शीर्षें दोन, 'एस' म्हणजे भाग नऊ, 'टी' म्हणजे वर्तुळें ऐंशी. म्हणजे ही ओळ सांगते कीं, बाबा रे, तुझा दुसरा ड्राइव्ह तूं समजतोस तसा नाहीं, असा आहे. ड्रायव्हर.सिसचें काम ह्याहून निराळें. ड्राइव्हपार्म जुन्या अक्षराचें वर्णन बदलतो, ड्रायव्हर.सिस त्याच ड्राइव्हला पुढचें मोकळें नवें अक्षर देतो. 'ए' आणि 'बी' हीं फ्लॉपीसाठीं राखून ठेवलेलीं, 'सी' हार्ड डिस्कचें. म्हणून नवें अक्षर बहुधा 'डी' येई. एकाच माणसास घरांत एक नांव आणि कचेरींत दुसरें असावें, तसें एकाच ड्राइव्हला दोन अक्षरें मिळत.

असो. हें सारें समुद्रापलीकडलें झालें. नागपुरास त्याचा संबंध कसा आला, तें पाहूं. नोव्हेंबर १९८४ मध्यें भारत सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर केलें, आयातीचीं बंधनें सैल केलीं, आणि पुढील कांहीं वर्षांत पीसीच्या वळणाचें यंत्र मध्यम व्यापाऱ्याच्या आंवाक्यांत येऊं लागलें. गांधीबागेस त्याची गरज कां वाटावी, हें तेथील व्यापाराचें स्वरूप पाहिलें म्हणजे कळतें. १८६७ मध्यें नागपुरास रेल्वे आली, १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि इतवारी-महालच्या निकटचा हा भाग कापडाच्या घाऊक व्यापाराचें ठाणें म्हणून वाढत गेला. येथील माल वर्धा, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ येथें तर जाईच, पण पलीकडे छिंदवाडा, बालाघाटपर्यंतही जाई. तो बहुतेक उधारीवर जाई. ताग्यांची किंमत दुकानांत दिसते. पेढीची खरी किंमत मात्र खतावणींत असते. अमुक गांवच्या अमुक दुकानाकडे इतकें येणें आहे, ही एक ओळ पुसली गेली तर तितका पैसाच पुसला गेला. म्हणून खतावणी ज्यावर लिहिली आहे त्या वस्तूची निष्ठा हा येथें शास्त्राचा विषय नसून पोटाचा विषय होता.

त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली. पूर्वीं व्यापारी आपलें हिशेबी वर्ष दिवाळीपासून धरीत, आणि आयकर खात्यास तें चाले. १९८९-९० ह्या करनिर्धारण वर्षापासून सर्वांस एप्रिल ते मार्च असें एकच वर्ष सक्तीचें झालें. दिवाळीची वही पूजेपुरती उरली आणि हिशेबाचा खरा ताण मार्चच्या अखेरीस येऊन पडला. त्याच सुमारास डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो ह्या साधनांवर रचलेले हिशेबाचे कार्यक्रम, तसेंच बंगळूरच्या, १९८६ मध्यें निघालेल्या प्यूट्रॉनिक्स कंपनीचा टॅली, हे दुकानांतून शिरले. असल्या कार्यक्रमांस बिलांची फाइल निराळी, गिऱ्हाइकांची निराळी, मालाची निराळी, आणि त्या प्रत्येकीची सूचि निराळी लागे. डॉस आपण होऊन एका वेळीं आठच फाइलींची सोय ठेवी. त्यामुळें कॉन्फिग.सिसमध्यें 'फाइल्स=४०' अशी ओळ नसली, तर ऐन बिलाच्या वेळीं कार्यक्रम अडून बसे. ह्या ओळीच्या शेजारीं 'बफर्स' ची एक ओळ असे. हार्ड डिस्कवरून आणलेला मजकूर तात्पुरता ठेवण्यासाठीं स्मृतींत किती कप्पे करावयाचे, तें ती सांगे. अशा पांच-सात ओळींच्या आधारावर पेढीचा दिवस उभा राही. ज्यानें त्या लिहिल्या तो तंत्रज्ञ निघून गेलेला असे. ओळी मात्र रोज सकाळीं आपलें काम करीत असत.

ओळींपैकीं एक चुकली तर काय होतें, याचें एक उदाहरण माझ्या पाहण्यांतलें आहे. गांधीबागेतील एका पेढीवर रोज रात्रीं हिशेबाची नक्कल दोन फ्लॉप्यांवर आळीपाळीनें घेण्याची रीत होती; सम तारखेची एक, विषम तारखेची दुसरी. मार्चचा महिना होता. 'ए' ड्राइव्ह बिघडल्यामुळें दुसऱ्या बनावटीचा बसविला होता. एके रात्रीं यंत्रावर बसणाऱ्या मुलानें सम तारखेची फ्लॉपी पडताळून काढली, विषम तारखेची घातली, आणि यादी मागितली. यादी आली. वृद्ध मुनीम मागें उभे होते. ते म्हणाले, "अरे, ही तर आत्तां पाहिली तीच यादी. फ्लॉपी बदललीस, मग तारखा कां बदलल्या नाहींत?" मुलानें पुन्हां यादी मागितली, पुन्हां तीच. मुनीम म्हणाले, "थांब. कांहीं लिहूं नकोस. कालच्या पानावर आजची तारीख घालणारी वही खोटी असते." त्यांस यंत्रांतलें कांहीं कळत नव्हतें. परंतु पान उलटलें असतां मजकूर बदलला पाहिजे, एवढें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

त्या रात्रीं जें घडत होतें त्याचें कारण असें. ड्राइव्ह आणि यंत्र यांस जोडणाऱ्या फितीसारख्या पट्ट्यांत ३४ तारा असतात. एटीच्या काळापासून चौतिसाव्या तारेवरून 'फ्लॉपी बदलली' ही खूण येण्याचा संकेत ठरला. जुन्या ३६० च्या ड्राइव्हांत ही खूण नव्हती. कित्येक बनावटींत तर त्याच तारेवर 'मी सज्ज आहें' अशी निराळीच खूण येई. खूण नसलेल्या ड्राइव्हच्या बाबतींत डॉस सावधपणें वागे: दोन सेकंदांच्या आंत कोणी फ्लॉपी बदलूं शकणार नाहीं, त्यापुढें मात्र बदलली असण्याचा संभव आहे, असें धरून तें यादी नव्यानें वाचून घेई. परंतु खूण येते असा त्याचा समज झाला, कीं तें निर्धास्त होई. खूण आली नाहीं, तर फ्लॉपी तीच आहे असें मानून स्मृतींतली जुनी यादीच दाखवी. यादी दाखविण्यापुरतें हें चाललें असतें. घात पुढें आहे. अशा वेळीं कांहीं लिहूं गेलें कीं पहिल्या फ्लॉपीचा जागावाटपाचा तक्ता दुसऱ्या फ्लॉपीवर उतरे, आणि दुसरीवरचा सारा मजकूर, असून नसल्यासारखा होई. जाणते लोक ह्या प्रकारास भुताची यादी म्हणत.

पेढीच्या विषम तारखेच्या फ्लॉपीवर हा आघात आदल्या आठवड्यांत एकदां होऊन गेला होता, असें दुसऱ्या दिवशीं आढळून आलें. तिच्यावर भरंवसा ठेवून कोणी हार्ड डिस्क पुसली असती, तर वर्षाचें येणें गेलें असतें. उपाय मात्र एका ओळीचा होता. ड्राइव्हपार्मच्या आज्ञेंत 'सी' म्हणून एक खूण असते. ती लिहिली तर 'ह्या ड्राइव्हला बदल कळतो' असा अर्थ होतो, आणि गाळली तर 'कळत नाहीं' असा. तंत्रज्ञानें कॉन्फिग.सिसमध्यें 'ड्राइव्हपार्म=/डी:० /एफ:१' एवढेंच लिहिलें आणि 'सी' गाळली. यंत्र पुन्हां सुरू केलें, फ्लॉपी बदलली, यादी बदलली. ड्राइव्ह तोच, तार तीच. यंत्रास खरी हकीकत सांगितली गेली, एवढाच फरक. संकल्पांत गोत्र चुकलें तर देव क्षमा करतो असें म्हणतात. ह्या यंत्राजवळ ती सोय नव्हती.

हार्ड डिस्कची कथा थोडी निराळी, पण त्याच कुळांतली. पीसी-एटीमध्यें हार्ड डिस्कचें वर्णन कॉन्फिग.सिसमध्यें न ठेवतां एका चिपेंत ठेवलें होतें. ती चिप लहानशा बॅटरीवर जिवंत राही. हार्ड डिस्कच्या ठराविक जातींस क्रमांक होते. तो क्रमांक तींत नोंदावयाचा. ६१५ सिलिंडर, ४ शीर्षें, १७ भाग, ही त्या काळची ओळखीची जात. गुणाकार केला तर २,१४,११,८४० बाइट, म्हणजे बाजारांतली '२० मेगाबाइटची' हार्ड डिस्क. चार-पांच वर्षांनीं बॅटरी मरे. मग एके सकाळीं यंत्र म्हणे कीं मला हार्ड डिस्कच नाहीं. हिशेब जागच्या जागीं शाबूत असे. फक्त त्याकडे जाण्याची वाट यंत्र विसरलेलें असे. म्हणून शहाणे तंत्रज्ञ ते तीन आंकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या झांकणास आंतून चिकटवीत. लाखो अक्षरांचा हिशेब ह्या तीन आंकड्यांच्या चिठ्ठीवर अवलंबून असे.

पुढें हें सर्व मागें पडलें. हार्ड डिस्का आपलें वर्णन आपणच सांगूं लागल्या. यंत्रानें विचारावें आणि त्यांनीं आपलीं सिलिंडरें, शीर्षें, भाग सांगावे, अशी सोय झाली. १९९४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें डॉसची ६.२२ ही शेवटची स्वतंत्र आवृत्ति काढली, आणि ऑगस्ट १९९५ मध्यें विंडोज ९५ आल्यावर कॉन्फिग.सिसवांचूनही यंत्र सुरू होऊं लागलें. पेढ्यांवरचीं जुनीं यंत्रें आणखी कांहीं वर्षें चाललीं, आणि मग भंगारांत गेलीं.

हा पालट इष्ट होता कीं अनिष्ट? येथें जुन्याच्या प्रेमानें भलतेंच प्रतिपादन करण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. मुनिमास फ्लॉपीचीं वर्तुळें मोजावयास लावणें हा कांहीं त्याचा सन्मान नव्हता. बहुतेकांनीं ह्या ओळी समजून लिहिल्या नाहींत. शेजारच्या दुकानांतून उतरवून घेतल्या. शेजाऱ्याचा ड्राइव्ह निराळा असला म्हणजे त्याचें पथ्य आपणांस अपायकारक होई. जें काम यंत्रास बिनचूक करतां येतें तें माणसाकडून चुकत-माकत करवून घेण्यांत पुरुषार्थ नाहीं. ज्यांनीं ही कटकट नाहींशी केली त्यांचे आपण ऋणीच आहों.

तथापि एक गोष्ट त्या कटकटीबरोबर गेली, ती मोजली पाहिजे. कॉन्फिग.सिस ही उघडी वही असल्यामुळें, आपल्या हिशेबाच्या आणि आपल्यामध्यें कोणी एक वर्णन उभें आहे, तें कोणीतरी लिहिलेलें आहे, आणि तें चुकूं शकतें, ही जाणीव दुकानांत जिवंत होती. आजही तें वर्णन असतेंच. तें नाहींसें झालेलें नाहीं, दृष्टीआड झालेलें आहे. जोंवर यंत्र आणि साधन एकाच काळचें आहे तोंवर त्याची आठवण होत नाहीं. काळ बदलला म्हणजे होते. गांधीबागेंतील कपाटांत, माळ्यांवर, जुन्या फ्लॉप्यांचे डबे अजून सांपडतात. त्यांवर 'मार्च' असें लिहिलेलें असतें. मार्च कोणत्या सालचा, आणि फ्लॉपी कोणत्या जातीची, तें लिहिलेलें नसतें. बाहेरून पाहतां ३६० ची आणि १.२ ची फ्लॉपी साधारण मनुष्यास सारखीच दिसते.

नागपूरकरांस ह्याच्यासारखी एक गोष्ट परिचयाची आहे. भोसल्यांच्या कारकीर्दीचे कागद मोडींत आहेत. रघूजी तिसरे १८५३ मध्यें वारले, राज्य इंग्रजांनीं घेतलें, आणि कालांतरानें मोडी वाचणारेही विरळ झाले. परंतु मोडीचा कागद हातीं घेतला तर हें कांहीं लिहिलेलें आहे, एवढें तरी अडाण्यासही दिसतें. आणि शिकण्याची इच्छा असली तर कांहीं महिन्यांत लिपि लागते. फ्लॉपी तितकीही बोलत नाहीं. तिचें कवच मुकें असतें. तिला वाचण्याची लिपि म्हणजे तेच चार आंकडे: बाजू, वर्तुळें, भाग, बाइट, आणि ज्या कार्यक्रमानें मजकूर लिहिला त्याचें नांव. तें जर कोणी वेळीं लिहून ठेविलें नाहीं, तर मागाहून तें तर्कानें शोधावें लागतें.

वर सांगितलेल्या पेढीवरील त्या मुनिमानीं तें लिहून ठेविलें होतें. भुताच्या यादीच्या प्रसंगानंतर तंत्रज्ञानें जें जें सांगितलें, तें त्यांनीं त्या वर्षाच्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर, उधारीच्या नोंदी लिहावयाच्या त्याच वळणदार अक्षरांत उतरवून घेतलें: मोठ्या कपाटांतील फ्लॉप्या ३६० च्या, वर्तुळें ४०, भाग ९, लहान डब्यांतील १.२ च्या, वर्तुळें ८०, भाग १५. हार्ड डिस्क ६१५, ४, १७. 'ए' ड्राइव्हला बदल कळत नाहीं. त्याखालीं तारीख आणि सही. पुढें पुष्कळ वर्षांनीं भावांच्या वाटणीच्या वेळीं जुन्या येण्याचा वाद निघाला आणि डबे बाहेर काढावे लागले. तोंवर यंत्र केव्हांच भंगारांत गेलें होतें आणि त्याच्या झांकणांतली चिठ्ठीही त्याच्याबरोबर गेली होती. वही मात्र होती. त्या पानाच्या आधारानें कोणती फ्लॉपी कोणत्या ड्राइव्हांत घालावयाची हें ठरलें. कांहीं फ्लॉप्या बुरशीनें गेल्या होत्या; परंतु बऱ्याचशा वाचल्या गेल्या, आणि वाद जेथल्या तेथें मिटला.

ज्यांच्या घरीं किंवा पेढीवर असे डबे असतील त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं ज्यास ठाऊक आहे तो मनुष्य हयात आहे तोंवर त्यास विचारून घ्यावें, आणि त्यानें सांगितलेले आंकडे कागदावर लिहून तो कागद डब्यांत ठेवावा. आज आपण जीं साधनें वापरतों त्यांच्या बाबतींतही असेंच करावें. काम अर्ध्या तासाचें आहे.